आता राज्य बाळावर

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळ झाली की म्हशी येतात. गवळी चरवी घेऊन बसतो, धार काढतो आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळ पेला ठेवतो. धारोष्ण दूध प्यायला येणाऱ्यांत तालमीतली पोरं असतात, कामावरून परतणारी माणसं असतात आणि नातवंडाला कडेवर घेतलेले आजोबाही असतात. आमचे आबा त्यांतले एक.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. एका संध्याकाळी आबांच्या कडेवरून तिनं बोट पुढं केलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "काऊ!"

वहिनीला कोण आनंद झाला. घरात चित्रांचं इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यातली ‘काऊ’ म्हणजे गाय. गाय आणि म्हशीतला फरक पुढं कळेल, पण इंग्रजी तर आलं! आईला ते पटलं नाही. तिच्या हिशेबानं काऊ म्हणजे कावळा. तिनं मान वर करून विजेच्या तारेवर कावळा शोधला. तार रिकामी होती. आबांनी मात्र पुस्तकही आठवलं नाही आणि तारही पाहिली नाही. त्यांनी पोरीचं बोट पाहिलं. बोटाच्या रेषेत एक म्हैस वैरण खात उभी होती.

"व्हय की! म्हस हाय ती. म्हऽस."

पोरीनं म्हशीकडे पाहिलं, मग आबांच्या तोंडाकडे. "म्ह."

"म्हस. काळी म्हस. बग, शेपूट हलवाय लागलीय."

सगळं मिळून दहा सेकंद गेले असतील. तरी मूल बोलायला कसं शिकतं, याचा मोठा भाग त्या दहा सेकंदांत आला. पोरीनं काहीतरी दाखवलं, आबांनी त्याला उत्तर दिलं, पोरीनं ते झेललं आणि आपल्या परीनं परत टाकलं, आबांनी त्यात एक शब्द वाढवून पुन्हा तिच्याकडे दिलं. लहानपणी आपण शिवणापाणी खेळताना ‘राज्य कुणावर’ म्हणायचो ना, तसंच हे. राज्य फिरत राहतं म्हणून खेळ चालतो. एकाच गड्यावर तासभर राज्य ठेवलं तर तो रडकुंडीला येऊन घरी जातो. मुलांच्या भाषेसाठी घरात करायचे म्हणून जे जे खेळ सांगितले जातात, त्या सगळ्यांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे: राज्य मुलावर यायला हवं आणि आपण तेवढा वेळ थांबायला हवं.

आधी कान, मग तोंड

मुलाचा पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो, पण त्याची तयारी फार आधी सुरू झालेली असते. आईच्या पोटात असतानाच बाळ तिचा आवाज ऐकत असतं आणि जन्मल्यावर तो आवाज ओळखतं. पुढच्या वर्षभरात त्याचे कान घरच्या भाषेला सरावत जातात.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग मराठी माणसाला जवळचा वाटेल. इंग्रजीत ‘त’ आणि ‘ट’ हा आपल्यासारखा भेद नाही. ‘ताट’ हा साधा शब्द म्हणताना इंग्रज माणसाची तारांबळ उडते ती त्यामुळंच. या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी फारच थोडी उरली होती. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांचा कान शाबूत होता. म्हणजे जन्मतः मूल कुठल्याही भाषेला तयार असतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत ते घरात कानावर पडणाऱ्या भाषेसाठी कान लावून बसतं.

दुसरी अडचण शब्द वेगळे करण्याची. लिहिताना आपण दोन शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ‘चल आता दूध पिऊन घे’ हे बाळाला ऐकू येतं ते ‘चलातादूधपिऊन्घे’ असं. यातून ‘दूध’ त्यानं वेगळं कसं काढावं? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आठ महिन्यांची बाळं अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग माळ दोन मिनिटं ऐकूनही कुठली अक्षरं नेहमी जोडीनं येतात हे टिपतात. ‘दूध’ रोज वेगवेगळ्या वाक्यांत येतं, पण ‘दू’ आणि ‘ध’ यांची जोडी सुटत नाही. बाळ हिशेब मांडत असतं, आपल्याला फक्त त्याचं टुकूटुकू बघणं दिसतं.

म्हणून न बोलणाऱ्या बाळाशीही बोलायचं. आंघोळ घालणाऱ्या बाईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्याजणी बाळाशी बोलताना आवाज चढवतात, स्वर लांबवतात, एकच शब्द चारदा म्हणतात. शहाण्यासुरत्या माणसाला ते बालिश वाटेल. पण बाळं हाच सूर कान देऊन ऐकतात आणि शब्दांच्या कडा त्यात ठळक होतात.

झुकझुक बरी की आगगाडी?

काही पालक ठरवून बाळाशी मोठ्यांसारखंच बोलतात. कुत्र्याला कुत्रा म्हणायचं, भूभू नाही. नाहीतर मूल बोबडंच राहील, अशी भीती असते. ती निराधार आहे. एडिनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४७ बाळांच्या कानावर पडणारं बोलणं तपासलं. ज्यांच्या कानावर दुहेरी अक्षरांचे आणि लाडिक रूपांचे शब्द जास्त पडत होते, त्यांचा शब्दसंग्रह नऊ ते एकवीस महिन्यांच्या काळात अधिक वेगानं वाढला.

या बाबतीत मराठी घर श्रीमंत आहे. मम्मं, भूभू, हम्मा, चिऊ, काऊ, माऊ, बाऊ, गाईगाई, भुर्र, झुकझुक. या शब्दांचा उच्चार सोपा, त्यातली अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी आणि बऱ्याचदा शब्दातच वस्तूचा आवाज. आगगाडी म्हणायला जीभ पुरेशी वळायच्या आधी झुकझुक म्हणता येतं आणि एकदा म्हटलं की पुढचं संभाषण सुरू होतं. ही शिडीची खालची पायरी आहे. मूल तिच्यावर कायमचं बसून राहत नाही.

मराठीची आणखी एक सोय सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपली रोजची क्रियापदं बघा: ये, जा, दे, घे, ने, खा, पी, धू. सगळी एकेका अक्षराची! शिवाय आज्ञा करताना त्यांना काही जोडावं लागत नाही. मराठी मूल वर्षाचं होताना ‘दे’ म्हणू लागतं, ते ज्याला म्हणतं तो धावत जाऊन काहीतरी देतो आणि शब्दानं जगात घडामोडी होतात हे त्या चिमुकल्याला कळतं. हा शोध बोलण्याच्या मुळाशी आहे.

पडदा राज्य घेत नाही

‘आमचा तर रोज तासभर मराठी गाणी बघतो मोबाइलवर, तरी बोलत नाही,’ ही तक्रार आता घराघरांत ऐकू येते. बघतो म्हणूनच बोलत नाही असं दरवेळी म्हणता येणार नाही, पण बघून बोलायला शिकत नाही हे नक्की म्हणता येतं.

पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा बैठकांत समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं आणि तिसऱ्याला नुसतंच ऐकवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले. बाकीच्या दोन्ही गटांच्या हाती काही लागलं नाही. शब्द तेच, आवाज तोच. समोरच्या माणसानं बाळाच्या नजरेकडे पाहून बोलणं, ते हसलं की हसणं, ते वळलं की थांबणं, एवढंच काय ते पडद्यात नव्हतं.

मेंदूच्या तपासणीतूनही याला दुजोरा मिळतो. रेचल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्या मुलांना गोष्ट ऐकवताना मेंदूचं चित्रण केलं. मेंदूतला भाषेचा भाग किती जागा होतो याचा संबंध कानावर पडलेल्या एकूण शब्दांपेक्षा मोठ्यांत आणि मुलांत झालेल्या देवाणघेवाणीच्या फेऱ्यांशी जास्त जुळला. म्हणून दिवसभर मुलासमोर अखंड बडबड करायची गरज नाही. बडबड्या मामापेक्षा ऐकून घेणारे आबा उपयोगी पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नका आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर दाखवू नका, असं म्हटलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही दोन वर्षांच्या आत पडदा नको असंच आहे. अपवाद व्हिडिओ कॉलचा, कारण पुण्याहून बोलणारी मावशी बाळाच्या हुंकाराला उत्तर देते. तिच्यावर राज्य येऊ शकतं. आणि मूल बघत नसलं तरी हॉलमध्ये मालिका चालू असेल तर मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. तेव्हा कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद केलेलाच बरा.

घरातले डाव

आता प्रत्यक्ष खेळ. यासाठी बाजारातून काही आणायला लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची हा प्रश्न होता. त्यांनी पानं, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तू साधनं म्हणून घेतल्या आणि बालवाडी थेट घरांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातून आला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो देशभर नेला. अंगणाला पुरलं ते स्वयंपाकघरालाही पुरेल.

पहिला डाव कुकूचकूचा. पदरामागे किंवा टॉवेलमागे तोंड लपवायचं आणि ‘कुक’ करून बाहेर यायचं. सहा-सात महिन्यांचं बाळ खिदळतं. पण चार-पाच वेळा झाल्यावर टॉवेल तसाच धरून थांबा. बाळ हात हलवेल, ‘उं’ करेल, टॉवेल ओढेल. तो त्याचा डाव. त्याच्या ‘उं’ला लगेच ‘कुक’ मिळालं की आवाज केला की माणूस येतो, हे गणित पक्कं बसतं.

दुसरा दे-घेचा. वाटी तुमच्या हातातून बाळाच्या हातात, मग पुन्हा तुमच्याकडे. ‘घे.’ ‘दे.’ ‘आबांना दे.’ ‘आता मला दे.’ या खेळात एकाच वेळी क्रियापद, माणसाचं नाव आणि पाळी अशा तीन गोष्टी शिकून होतात. दोन वर्षांच्या मुलाला त्यात गंमत वाढवून हवी असते: ‘लाल वाटी आज्जीला, मोठी वाटी मला.’

तिसरा डाव अर्ध्या गाण्याचा. आपडी-थापडी असो, हातावर बसणाऱ्या मोराचं गाणं असो की पावसाला बोलावण्याचं, आपण ते पूर्ण म्हणतो आणि मूल ऐकतं. पंधरा दिवस तसं म्हणा. मग ओळीचा शेवटचा शब्द आला की तोंड उघडं ठेवून गप्प व्हा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे मोठ्यांना फार जड जातात. मधेच बोलावंसं वाटतं. थांबा. मुलाकडून शब्दाचं शेपूट येईल, नुसता सूर येईल किंवा टाळी येईल. काहीही आलं तरी ते उत्तर आहे. आमच्याकडे हे करताना माझ्या भावाला पहिल्यांदा कळलं की तो पोरीला दोन सेकंदही देत नव्हता.

चौथा स्वयंपाकघरातला. भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवा. मेथीची पानं खुडून टोपलीत, काड्या बाजूला. ‘पान कुठं? टोपलीत. काडी कुठं? बाहेर.’ आत-बाहेर, वर-खाली, ओलं-कोरडं, हे शब्द चित्रातून शिकवता येत नाहीत. हातानं करताना चटकन कळतात. आई भाकरी थापते तेव्हा तिच्या थपथपीवर मुलालाही पिठाचा गोळा द्या आणि दोघं मिळून थपथप म्हणा. उन्हाळ्यात चटणी कुटायला डंकावर जाता तेव्हा त्या आवाजाची नक्कल घरी येऊन करा, फक्त तिखटाच्या खाटापासून मुलाला लांब ठेवा. मटाराचे आणि शेंगांचे दाणे निवडण्याचा खेळ मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं सोडून कधीच खेळू देऊ नका; ते नाकात जातात, घशात अडकतात.

पाचवा पुस्तकाचा. दोन वर्षांच्या मुलाला पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायचा हट्ट सोडा. अमेरिकेत १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचण्याची पद्धत बदलायला सांगितली: आपण सांगण्याऐवजी विचारायचं, मुलाच्या उत्तरात भर घालायची, त्याचं कौतुक करायचं. महिनाभरात ही मुलं नेहमीच्या पद्धतीनं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढं गेली. ‘हा हत्ती का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटका होते. ‘हत्ती काय करतोय?’ म्हटलं की बोलावं लागतं. पुस्तक नसेल तर चिमणी-कावळ्याची गोष्ट आहेच. कावळ्याचं शेणाचं घर, चिमणीचं मेणाचं, आणि दाराशी पुन्हा पुन्हा तीच विनवणी. मोठ्यांना कंटाळा आणणारी ही पुनरावृत्ती मुलासाठी सोन्यासारखी आहे, कारण पुढं काय येणार हे माहीत असल्यानं ते आधीच बोलू शकतं. दार ठोठावायचं काम कावळ्याच्या वतीनं मुलालाच द्या.

सहावा ‘समज हं’ म्हणण्याचा. आमच्या भागात बेंदराच्या सणाला मातीचे बैल आणतात, पूजा करतात. पूजा झाली की ते बैल मुलांच्या ताब्यात येतात. दीड-दोन वर्षांचं मूल मातीच्या बैलाला रिकाम्या वाटीतून पाणी पाजतं, तेव्हा ते फार मोठी उडी मारत असतं. वाटीत पाणी नाही, तरी ‘पाणी’ म्हणायचं. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलणं हाच भाषेचा खरा पराक्रम. तेव्हा ‘अगं, वाटी रिकामी आहे’ असं सांगू नका. बैलाच्या वतीनं ढेकर द्या.

‘करलं’ म्हणणाऱ्याचं व्याकरण

अडीच वर्षांचं मूल म्हणतं, "मी करलं." घरचे हसतात. खरं तर इथं पाठ थोपटायला हवी. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘उठलं’ ऐकून त्यानं भूतकाळाचा नियम स्वतः शोधून काढला आणि तो ‘कर’ला लावला. ‘केलं’ ही मराठीची खोड आहे, मुलाची चूक नव्हे. तसंच ‘जाला’, ‘येला’, ‘मरला’. हे शब्द त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलेले नसतात, म्हणजे ते पोपटपंची करत नाही. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी मुलांना बनावट शब्द देऊन हेच दाखवलं होतं: मुलं शब्द पाठ करत नाहीत, नियम काढतात.

अशा वेळी ‘करलं नाही, केलं म्हण’ असं दटावलं की खेळ मोडतो. मुलाला सांगायचं असतं की त्यानं चित्र काढलं, आणि आपण व्याकरण तपासत बसतो. त्यापेक्षा: "केलंस? तू केलंस हे? किती छान केलंस!" बरोबर रूप तीनदा कानावर गेलं, तेही त्याच्याच आनंदात. पुढचं ते बघून घेतं.

बोबड्या बोलाचंही असंच. ‘र’चा ‘ल’ होणं, ‘ळ’ न येणं तीन वर्षांच्या मुलात नेहमीचं आहे. आपण मात्र त्याच्यासमोर नीट उच्चार करावा. त्याच्या ‘लामा’ला लाडानं ‘लामा’ म्हणत राहिलो तर ऐकायला नमुना कुठला मिळणार?

घरातली कोणती मराठी?

आमच्या पोरीनं पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं, "मी येतो." पाहुणे चपापले: "अगं, तू मुलगी ना? येते म्हण." ती गोंधळून आज्जीकडे बघू लागली, कारण आज्जी तेच म्हणते. कोल्हापुरात बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. ही इथल्या बोलीची रीत आहे आणि मूल ती अचूक शिकलं होतं.

घरात म्हस, वैरण, ‘दे की’, ‘व्हय’ आणि शाळेत प्रमाण मराठी, शिवाय पुस्तकातली इंग्रजी. या गर्दीत मूल गडबडेल अशी काळजी वाटते. जगातली कितीतरी मुलं दोन-तीन भाषांत वाढतात. दोन भाषांमुळं बोलण्यात दोष येत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. सीमेवरच्या घरांत मराठी आणि कन्नड एकाच अंगणात नांदतात, तिथल्या आज्ज्यांना हे संशोधनाविना माहीत आहे.

आपली भाषा कमी दर्जाची म्हणून मुलाशी तोडक्यामोडक्या परक्या भाषेत बोलण्यात मात्र नुकसान आहे. आपल्या भाषेत आपल्याला चिडवता येतं, चुचकारता येतं, यमक जुळवता येतं. परक्या भाषेत आपण वस्तूंची नावं सांगतो आणि गप्प होतो. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ना. सी. फडक्यांच्या या मुलीनं शिक्षकांना शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, आणि निवृत्तीनंतर मराठी माध्यमाची एक छोटी प्रयोगशील शाळा उभी केली. मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून शिक्षण फुलवायचं, त्याला बोलतं करायचं, हा त्या शाळेचा ध्यास. सहा वर्षांच्या मुलाला जे लागू, ते दीड वर्षाच्या मुलाला तर जास्तच लागू. त्याचा अनुभव घरच्या भाषेत असतो. बोलणंही तिथूनच उगवतं.

थांबायचं किती?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा. तरी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. वर्षाच्या आसपास मूल ‘बाबाबा, दादादा’ करतं, बोट दाखवतं, नावानं हाक मारली की वळतं. दीड वर्षापर्यंत काही शब्द येतात. दोन वर्षांचं होताना दोन शब्द जोडतं: ‘आबा ये’, ‘दूध नको’. तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्या माणसालाही कळतं.

यातलं बोट दाखवणं क्षुल्लक समजू नका. शिकागोच्या एका अभ्यासात दिसलं होतं की मूल आधी ज्या गोष्टींकडे बोट दाखवतं, त्यांचीच नावं काही काळानं त्याच्या तोंडी येतात. बोट हा मुलानं विचारलेला प्रश्न असतो.

वर्ष उलटूनही मूल बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं हरवत असेल, तर ‘त्याचा बाप पण उशिराच बोलला होता’ म्हणून बसू नका. पहिली तपासणी कानाची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. मग बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात. अंगणवाडी ताईंना विचारलं तर पुढची वाट कळते. लवकर दाखवलेल्या मुलाला मदतीचा उपयोग जास्त होतो. आणि वाचा-उपचारतज्ज्ञही घरी करायला जे सांगतात ते बहुतेक हेच असतं: मुलाच्या समोर बसा, त्याच्या उंचीला या, त्याला काय हवंय ते बघा, थांबा.

दिवसभर कामावर असणाऱ्या आईबापांना हे सगळं वाचून अपराधी वाटू नये. वेगळा तास काढावा लागत नाही. आंघोळ, जेवण, कपड्यांच्या घड्या, झोपायच्या आधीची दहा मिनिटं, गाडीवरून उतरून घरात शिरेपर्यंतचा जिना. प्रत्येक पायरीला एकदा राज्य फिरलं तरी खूप झालं.

आमची पोरगी आता अडीच वर्षांची आहे. परवा पुन्हा आबांबरोबर कट्ट्यावर गेली होती. म्हशीच्या पाठीवर एक कावळा येऊन बसला. तिनं बोट दाखवलं नाही. आबांचा शर्ट ओढला आणि म्हणाली, "काऊ म्हसवर!"

"व्हय की गं! काऊ म्हशीवर बसलाय."

ती क्षणभर कावळ्याकडे बघत राहिली. आबाही काही न बोलता उभे राहिले. दूध निवत होतं.

"म्हशीवर," ती म्हणाली. "खाली ये म्हण त्याला."